तालुक्याच्या गावी नेमबाजी आणि वन्यजीव संवर्धनाचे मंडळ कसे उभारावे

तालुक्याच्या गावी नेमबाजीचे मंडळ काढायचे ठरले, की पहिल्या बैठकीला दोन प्रकारची माणसे हमखास येतात. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे याने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले, तेव्हापासून आपल्या मुलीला किंवा मुलाला रायफल हातात द्यावी असे ज्यांना मनापासून वाटते, असे पालक एका बाजूला बसलेले असतात. दुसऱ्या बाजूला घरी परवान्याची बारा बोअर बंदूक असलेले, पूर्वी वडिलांबरोबर वा आजोबांबरोबर रानात फिरलेले आणि आता रानडुकरांनी उसाचा फड उलथवून टाकल्यामुळे हैराण झालेले शेतकरी बसतात. पालक विचारतात, "इथे मुलांना धोका नाही ना?" आणि शेतकरी विचारतात, "मंडळातर्फे शिकारीला जाता येईल का?" या दोन्ही प्रश्नांची उत्तरे पहिल्याच दिवशी, मोघम न बोलता द्यावीत. मुलांना धोका होणार नाही अशी व्यवस्था आपण करू शकतो. शिकार मात्र या मंडळात होणार नाही. परंतु शिकाऱ्याच्या अंगी असलेले जवळजवळ सगळे गुण, म्हणजे स्थिर बसणे, माग काढणे, वारा ओळखणे, आवाज न करता चालणे, मंडळाला हवे आहेत आणि त्यांना येथे भरपूर काम आहे.

माझ्या अनुभवाने सांगतो, की ही गोष्ट जे मंडळ घटनेत लिहून ठेवत नाही, त्याला पुढे दोनच वर्षांत ती भांडणातून शिकावी लागते.

आधी कायदा समजून घ्यावा

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ साली आला आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर परवाना काढून हौसेखातर शिकार करण्याची उरलीसुरली वाटही बंद झाली. या कायद्यातली शिकारीची व्याख्या बहुतेकांना वाटते त्याहून पुष्कळ व्यापक आहे. प्राणी मारणे, विष घालणे, पकडणे, फासात अडकवणे, हाकून नेणे आणि यांपैकी काहीही करण्याचा प्रयत्न करणे, हे सर्व शिकारच आहे. पक्ष्यांची अंडी फोडणे किंवा घरट्याला धक्का लावणे हेही त्याच व्याख्येत बसते. त्यामुळे "नुसती एअरगन होती, होला पडला नाही, उडून गेला" हा बचाव कायद्यासमोर टिकत नाही. अभयारण्यात वन्यजीव विभागाच्या लेखी परवानगीशिवाय कोणतेही हत्यार घेऊन शिरता येत नाही आणि हत्यार या शब्दात बंदुकीबरोबर जाळे, फास, सुरी हेही धरलेले आहे.

अभयारण्यात किंवा त्याच्या हद्दीपासून १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या शस्त्रपरवानाधारकांनी आपले नाव नोंदवावे, अशीही तरतूद याच कायद्यात आहे. राधानगरी, भुदरगड, पाटण, शिराळा अशा तालुक्यांत पुष्कळ गावे या अंतरात येतात आणि पुष्कळ परवानाधारकांना या नोंदणीची कल्पनाही नसते. मंडळाने सदस्यत्वाच्या अर्जातच हा प्रश्न विचारावा आणि ज्यांची नोंद नाही त्यांना वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या कार्यालयात स्वतः बरोबर घेऊन जावे. वनविभागाशी ओळख होण्याची याहून चांगली सुरुवात नाही.

पिकाचे नुकसान करणाऱ्या रानडुकराविषयी कलम ११ आहे. उभ्या पिकाला किंवा जीविताला धोका झाला आहे अशी खात्री पटल्यास अधिकृत वन अधिकारी कारणे नमूद करून लेखी आदेशाने परवानगी देऊ शकतो. ही परवानगी त्या अधिकाऱ्याने त्या प्रसंगापुरती, आदेशात नमूद केलेल्या व्यक्तीला दिलेली असते. मंडळाने अशा कामाचा ठेका घेऊ नये, त्यासाठी माणसे पुरवू नयेत आणि आपल्या नावाचा त्यात वापर होऊ देऊ नये. शेतकरी सदस्याला अर्ज कसा करावा, नुकसानभरपाईसाठी पंचनामा तातडीने कसा करून घ्यावा, हे सांगणे मात्र मंडळाचे कर्तव्य आहे; त्याचे दुःख खरे आहे आणि ते ऐकून घेतले नाही, तर तोच माणूस उद्या बांधावर क्लच वायरचा फास लावतो.

आता एअर रायफलीविषयी. ज्या हवेच्या बंदुकीची ऊर्जा २० ज्यूलपेक्षा अधिक नाही आणि जिचे छिद्र ०.१७७ इंचापेक्षा, म्हणजे साधारण ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठे नाही, तिला शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवाना लागत नाही. स्पर्धेची १० मीटर एअर रायफल सुमारे साडेसात ज्यूलची असते, म्हणजे ती या मर्यादेच्या बरीच आत येते. तरीही प्रत्येक रायफलीची पावती, क्रमांक आणि ती कोणाच्या ताब्यात आहे याची नोंद ठेवावी, आणि मंडळ सुरू होण्यापूर्वी स्थानिक पोलीस ठाण्याला लेखी कळवून पोच घ्यावी. पॉइंट टू-टू रायफलीचा, म्हणजे ०.२२ इंची काडतुसाच्या रायफलीचा, विचार पहिली तीन वर्षे करूच नये. तिला परवाना लागतो, वेगळी रेंज लागते, गोळ्यांचा हिशेब लागतो, आणि लहान गावातले मंडळ त्या ओझ्याखाली मोडते.

नोंदणी आणि संलग्नता

मंडळाची नोंदणी संस्था नोंदणी अधिनियम १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० या दोहोंखाली जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात होते. त्यासाठी किमान सात सभासद, घटना, नियमावली आणि जागेच्या मालकाचे संमतिपत्र लागते. घटनेतले उद्देश लिहिताना नेमबाजी आणि संवर्धन ही दोन्ही कामे स्पष्ट लिहावीत; नंतर उद्देशात बदल करायचा तर पुन्हा ठराव, अर्ज आणि सुनावणी यांत वर्ष जाते.

त्यानंतर जिल्हा रायफल संघटनेशी संपर्क साधावा. जिल्हा संघटनेच्या वर महाराष्ट्र रायफल असोसिएशन आणि तिच्या वर भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना, अशी ही उतरंड आहे. राष्ट्रीय संघटना १९५१ साली स्थापन झाली आणि लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर हे तिचे संस्थापक अध्यक्ष होते. राष्ट्रीय स्पर्धेच्या आधीची पात्रता स्पर्धा आजही मावळंकरांच्या नावाने होते. आपल्या खेळाडूला जिल्हा, राज्य, मावळंकर आणि राष्ट्रीय अशा पायऱ्यांनी जायचे असेल, तर मंडळ कोणाशी संलग्न आहे हा प्रश्न पहिल्याच प्रवेशअर्जावर येतो. शालेय क्रीडा स्पर्धांसाठी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात वेगळे नाव द्यावे लागते. सरकारी नोकरीतले खेळाडूंचे ५ टक्के आरक्षण पालक आवर्जून विचारतात. त्याचे नियम पूर्ण वाचून उत्तर द्यावे आणि मुलाने रायफल उचलण्याआधीच नोकरीची आशा लावू नये.

जागा आणि रेंज

दहा मीटरची रेंज ही तालुक्याच्या गावी खरोखर जमण्यासारखी गोष्ट आहे, कारण तिला डोंगर, माळ किंवा लष्करी जमीन लागत नाही. ५० फूट लांब आणि २० फूट रुंद अशी शाळेची जुनी खोली, बंद पडलेले गोदाम किंवा सेवा सोसायटीचा वापरात नसलेला हॉल पुरतो. फायरिंग लाइनपासून टार्गेटच्या दर्शनी बाजूपर्यंत नेमके १० मीटर अंतर हवे; त्यात ५ सेंटिमीटर इकडेतिकडे चालते, अधिक चालत नाही. टार्गेटचा मध्य फायरिंग लाइनच्या पातळीपासून १.४० मीटर उंचीवर असावा. प्रत्येक नेमबाजाला किमान १ मीटर रुंदीची लेन द्यावी. २० फुटांत सहा लेन मावतात, पण पाचच कराव्यात, म्हणजे शिकवणाऱ्याला दोघांच्या मध्ये उभे राहता येते.

खोलीची निवड करताना एक गोष्ट सर्वांत आधी पाहावी: टार्गेटच्या भिंतीला दार किंवा खिडकी आहे का. असेल तर ती विटांनी बुजवावी. कुलूप लावून भागत नाही, कारण कुलूप कोणीतरी कधीतरी उघडतो. फायरिंग लाइनच्या पुढे खोलीत शिरण्याचा दुसरा कोणताही मार्ग असता कामा नये. टार्गेटच्या मागे लोखंडी पेटी ठेवावी; तिच्या आत तीन-चार मिलिमीटर जाडीचा पत्रा तिरका बसवला, की छर्रा त्यावर आपटून खाली पेटीतच पडतो, उलटून मागे येत नाही. पेटीच्या मागच्या भिंतीवर लाकडी फळ्या किंवा जाड रबर लावावे, कारण नवशिक्यांचे काही छर्रे पेटीच्या बाहेर जातातच.

प्रकाशाकडे दुर्लक्ष करू नये. टार्गेटवर किमान १,५०० लक्स प्रकाश लागतो आणि तो सर्व लेनवर सारखा पडावा लागतो. लक्स मोजण्याचे साधे यंत्र जिल्ह्याच्या ठिकाणी इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते. टार्गेटवर उजेड आणि नेमबाजाच्या जागी अंधार अशी व्यवस्था केली, तर मुलांचे डोळे अर्ध्या तासात थकतात. गावात वीज जाते, म्हणून इन्व्हर्टरची सोय पहिल्या खर्चात धरावी. रायफल भरलेली असताना अचानक अंधार होणे ही लहान गोष्ट नाही.

कागदी टार्गेट लेनच्या दोरीवरून ओढून आणण्याची चक्री गावातला फिटर करून देतो. इलेक्ट्रॉनिक टार्गेट फार महाग असते आणि सुरुवातीला त्याची गरजही नाही. मुली येणार असतील, आणि त्या याव्यात, तर स्वच्छतागृह आणि बदलण्याची खोली ही उद्‌घाटनाच्या आधी तयार असली पाहिजे. अंजली भागवत, सुमा शिरूर, कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत आणि राही सरनोबत या महाराष्ट्राच्या मुलींनी या खेळात देशाचे नाव केले. तेजस्विनी २०१० साली म्युनिकमध्ये विश्वविजेती झाली आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत राहीने २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकले. अशा जिल्ह्यात मुलींना सोय नाही म्हणून परत पाठवणे लाजिरवाणे आहे. लहान मुलांबरोबर रेंजमध्ये कोणत्याही वेळी किमान दोन प्रौढ असावेत, हा नियमही घटनेतच घालावा.

रायफली

स्पर्धेची आयात केलेली एअर रायफल दोन-तीन लाखांच्या घरात जाते. सुरुवातीला भारतीय बनावटीच्या, ओपन साइटच्या (म्हणजे नेम धरायला साधी उघडी खाच असलेल्या) तीन रायफली आणि एक पिस्तूल घ्यावे. राष्ट्रीय नियमांखाली ओपन साइटचा स्वतंत्र गट असल्यामुळे त्यांवर मुले स्पर्धेतही उतरू शकतात. पीप साइटची, म्हणजे बारीक छिद्रातून पाहून नेम धरण्याची, एक चांगली रायफल मंडळाच्या मालकीची असावी आणि ती वळणावळणाने द्यावी. रायफलीचे वजन साडेपाच किलोपर्यंत असू शकते, त्यामुळे बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या अंगकाठीला ती पेलते का हे पाहिल्याशिवाय पालकांना खरेदी करू देऊ नये. स्पर्धेच्या रायफलीला दाबलेल्या हवेचे सिलिंडर असते आणि त्यावर त्याच्या वापराची मुदत छापलेली असते. ती दहा वर्षांपेक्षा अधिक नसते, आणि मुदत संपलेले सिलिंडर स्पर्धेत चालत नाही व घरीही धोक्याचे असते. जुनी रायफल स्वस्तात मिळते तेव्हा हे सिलिंडर बहुधा संपलेले असते.

रायफली लोखंडी कपाटात, छर्रे दुसऱ्या कुलपात, आणि दोन्हींच्या किल्ल्या दोन वेगवेगळ्या पदाधिकाऱ्यांकडे असाव्यात.

शिकवण्याची पद्धत

पहिला महिना मुलाला छर्रा देऊ नये. हे पालकांना रुचत नाही, कारण फी भरली त्या दिवशी मुलाने गोळी झाडावी असे त्यांना वाटते. तरीही देऊ नये. या महिन्यात चार सवयी अंगवळणी पडल्या पाहिजेत. रायफलीची नळी नेहमी टार्गेटकडे. रायफल भरलेलीच आहे असे धरून वागणे. नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरबाहेर. आणि "स्टॉप" हा शब्द कानावर पडताच, मग तो कोणीही उच्चारलेला असो, हात थांबणे. नळीतून आरपार जाणारी रंगीत दोरी, जिला सेफ्टी फ्लॅग म्हणतात, ती लावल्याशिवाय रायफल खाली ठेवायची नाही आणि ती लावलेली सर्वांनी पाहिल्याशिवाय कोणीही टार्गेटकडे जायचे नाही. आमच्या मंडळाच्या पहिल्या वर्षी एका सरावाच्या शेवटी रायफल रिकामी आहे असे समजून मी स्वतः ट्रिगर ओढला आणि छर्रा छताच्या पत्र्यात रुतला. कोणाला लागले नाही. त्या पत्र्यावरचा खड्डा आम्ही बुजवला नाही. नव्या मुलांना तो दाखवतो आणि कोणी केला हेही सांगतो.

यानंतर उभे राहणे. उजव्या हाताच्या नेमबाजाने डावे कंबरेचे हाड किंचित पुढे काढून डावे कोपर त्यावर टेकवावे, म्हणजे रायफलीचे ओझे दंडाच्या स्नायूवर न येता हाडांच्या उतरंडीवरून पायांत जाते. स्नायू थकतो आणि थरथरतो. हाड थकत नाही. मग डोळे मिटून दोन श्वास घ्यायचे आणि डोळे उघडून पाहायचे. नेम टार्गेटच्या बाजूला सरकलेला दिसला, तर हातांनी रायफल ओढून आणायची नाही. पाय हलवून सगळे शरीर फिरवायचे. एवढी एक गोष्ट ज्याला समजली, त्याचे अर्धे शिक्षण झाले असे मी मानतो. डावा डोळा मिटू नये, त्याच्यासमोर पांढरी पट्टी लावावी. नेम धरून आठ-दहा सेकंदांत शॉट सुटला नाही, तर रायफल खाली घ्यावी. शॉट सुटल्यावरही एक-दोन सेकंद त्याच स्थितीत राहावे.

हे इतके बारकाईने का, ते मुलांना आकड्यांनी पटवावे. एअर रायफलीच्या टार्गेटवर १० गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि प्रत्येक वर्तुळ त्याच्या आतल्या वर्तुळापासून अडीच मिलिमीटरवर. पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये ८० सेंटिमीटर अंतर असेल, तर त्यांच्या जुळणीत केवळ ०.२ मिलिमीटरची चूक झाली की १० मीटरवर एक गुण जातो. जाड कागदाच्या जाडीएवढी ही चूक आहे, आणि पात्रता फेरीत असे ६० शॉट मारायचे असतात.

छर्रे द्यायला सुरुवात झाल्यावर प्रथम टेबलावर वाळूची पिशवी ठेवून, मग अर्ध्या आधाराने, आणि शेवटी उभे राहून, असा क्रम ठेवावा. पाच-पाच छर्ऱ्यांचा समूह म्हणजे ग्रुप पाहावा; तो टार्गेटच्या कोपऱ्यात पडला तरी चालेल, पण तो लहान असला पाहिजे. ग्रुप लहान होईपर्यंत साइटच्या स्क्रूला हात लावू देऊ नये. पिस्तुलात मात्र नजर टार्गेटवर ठेवण्याचा मोह मोडावा लागतो: पुढची साइट धारदार दिसली पाहिजे आणि टार्गेट धूसर, आणि काळ्या वर्तुळाच्या खाली थोडी पांढरी जागा सोडून नेम धरावा. प्रत्येकाने वहीत रोज तारीख, छर्ऱ्यांची संख्या, ग्रुप आणि स्वतःच्या मनाची अवस्था लिहावी. ही वही पुढे जंगलातही उपयोगी पडते.

गावात गलोल चालवणारी मुले असतात, आणि त्यांचा नेम विलक्षण असतो. त्यांना हुसकावू नये, शोधून बोलवावे. अरुणाचल प्रदेशात २०२१ साली एअरगन जमा करण्याची मोहीम सुरू झाली आणि खेड्यापाड्यांतल्या लोकांनी आपणहून बंदुका आणून दिल्या. त्याच धर्तीवर आम्ही गलोल जमा करणाऱ्या मुलाला तीन महिने विनाशुल्क शिकवतो. सदस्यत्वाच्या प्रतिज्ञेत एकच शिक्षेचे वाक्य आहे: ज्याने पाखरावर वा प्राण्यावर नेम धरला, मग छर्रा सुटो वा न सुटो, त्याचे सदस्यत्व त्याच दिवशी संपते. या वाक्याला अपवाद ठेवू नये, अध्यक्षांच्या मुलासाठीही नाही.

मुलांना सलीम अलींची गोष्ट सांगावी. लहानपणी त्यांनी एअरगनने एक चिमणी पाडली आणि तिच्या गळ्यावरचा पिवळा डाग पाहून ही कोणती म्हणून विचारले. मामांनी त्यांना मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले आणि तेथे सोसायटीचे सचिव मिलार्ड यांनी त्यांच्यासमोर पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे कप्पेच्या कप्पे उघडले. पाडलेल्या पाखराविषयी प्रश्न पडणे आणि त्या प्रश्नाला कोणीतरी आस्थेने उत्तर देणे, यांतून एक आयुष्य घडले. आपल्या मंडळात तो प्रश्न पडण्यासाठी पाखरू पाडावे लागू नये, म्हणून भिंतीवर स्थानिक पक्ष्यांची चित्रे आणि खिडकीजवळ एक दुर्बीण कायम ठेवावी.

शिशाची व्यवस्था

छर्रे शिशाचे असतात. एक छर्रा अर्ध्या ग्रॅमहून थोडा जास्त भरतो. वीस मुलांनी रोज ६० प्रमाणे महिन्याचे २५ दिवस सराव केला, तर ३०,००० छर्रे, म्हणजे सुमारे १६ किलो शिसे महिन्याला पेट्यांत साठते. हे शिसे लहान मुलांच्या मेंदूला अपायकारक आहे. रेंजमध्ये खाणे-पिणे पूर्ण बंद असावे, छर्रा तोंडात धरण्याची सवय दिसताच मोडावी, बाहेर पडताना साबणाने हात धुणे सक्तीचे असावे. जमीन कोरड्या झाडूने झाडू नये, कारण धूळ उडते. ओल्या फडक्याने पुसावी. पेट्या प्रौढांनी हातमोजे आणि मास्क घालून रिकाम्या कराव्यात, शिसे झाकणाच्या डब्यात वजन करून ठेवावे आणि अधिकृत पुनर्वापर करणाऱ्यालाच द्यावे. ते उकिरड्यावर किंवा ओढ्यात गेले, तर संवर्धनाचे नाव घेण्याचा आपल्याला अधिकार उरत नाही.

रानातले काम

येथे मंडळातल्या वयस्क मंडळींचा खरा मान आहे. कोल्हापूर संस्थानात शिकारीची मोठी परंपरा होती. पाळीव चित्त्यांकडून काळविटाची शिकार करणारे चित्तेवान येथे होते, आणि दाजीपूरचे जंगल, जे १९५८ साली गव्यांसाठी अभयारण्य झाले, ते त्याआधी संस्थानाचे शिकारीचे रान होते. त्या परंपरेतली माणसे ओल्या मातीतल्या खुरांवरून गवा किती वेळापूर्वी गेला ते सांगतात, भेकराचे भुंकणे आणि वानराचा खाकरा ऐकून बिबट्या कोणत्या अंगाला आहे ते ओळखतात. हे ज्ञान त्यांच्याबरोबर जाऊ देऊ नये. महिन्यातून एक सकाळ त्यांना मुलांबरोबर, वनरक्षकाला कळवून, खुल्या रस्त्याने चालायला न्यावे आणि ते जे सांगतील ते मुलांनी वहीत उतरवून घ्यावे. त्यांनी मारलेल्या जनावरांच्या कथा थांबवू नयेत, परंतु प्रत्येक कथेनंतर विचारावे: ते ठिकाण कोणते, साल कोणते, तेव्हा तेथे पाणी होते का, आज आहे का. अशा उत्तरांतून आपल्या तालुक्याचा हरवलेला नकाशा हळूहळू तयार होतो.

जुनी शिंगे, कातडी कोणी मंडळाच्या भिंतीसाठी देऊ केली, तर घेऊ नयेत. त्यांना मालकीचे प्रमाणपत्र लागते आणि हस्तांतरावर बंधने आहेत. देणाऱ्याला आदराने वनविभागाकडे पाठवावे.

वर्षाचे काम ऋतूंनी ठरते. जानेवारीत तलावांवरच्या पाणपक्ष्यांची गणना. फेब्रुवारीपासून पाऊस पडेपर्यंत वणव्याचा काळ. वनविभाग जाळरेषा, म्हणजे आग पसरू नये म्हणून गवत आधीच जाळून केलेले पट्टे, काढतो, तेव्हा मंडळाने माणसे द्यावीत आणि धूर दिसताच कळवण्यासाठी वस्तीनिहाय दूरध्वनींची यादी तयार ठेवावी. आग विझवायला मुलांना कधीही नेऊ नये. ५ ते १२ नोव्हेंबर हा महाराष्ट्राचा पक्षी सप्ताह, मारुती चितमपल्ली आणि सलीम अली यांच्या जन्मदिवसांना जोडणारा. त्या आठवड्यात शाळाशाळांतून पक्षीनिरीक्षण घ्यावे. निरीक्षणात ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्षी बोलावू नये आणि घरट्याची छायाचित्रे काढू नयेत.

बारमाही काम फासांचे आहे. ओढ्याच्या काठी, कुंपणाच्या भगदाडात, डुकरांच्या वाटेवर क्लच वायरचे फास लावलेले असतात आणि त्यांत डुकराऐवजी बिबट्या, कोल्हा, भेकर अडकते. फास दिसला, की उत्साहाने उपटून खिशात घालू नये. तो गुन्ह्याचा पुरावा आहे. जागेचे छायाचित्र काढावे, स्थळाची नोंद करावी, वनरक्षकाला बोलवावे आणि पंचनामा झाल्यावर त्याच्याच हाताने फास काढला जावा. जिवंत प्राणी अडकलेला असेल तर १९२६ या वनविभागाच्या क्रमांकावर कळवावे आणि मंडळाच्या माणसांनी एकच काम करावे, ते म्हणजे बघ्यांची गर्दी लांब ठेवणे. ते काम ऐकायला सोपे आणि करायला फार कठीण आहे. रेंजवर "स्टॉप" ऐकून थांबायला शिकलेली मुले येथे मोठ्यांपेक्षा चांगली वागतात, असे मी दोनदा पाहिले आहे.

वैशाखातल्या बुद्ध पौर्णिमेला वनविभाग पाणवठ्यांवर मचाणे बांधून निसर्गानुभवाचा कार्यक्रम ठेवतो. पाणी आटलेले असते, चांदणे लख्ख असते, आणि प्राणी रात्रभर पाण्यावर येतात. या एका रात्रीच्या आकड्यांवरून जंगलात किती प्राणी आहेत हे ठरत नाही, त्यासाठी कॅमेरा ट्रॅपसारख्या (प्राणी समोरून जाताच आपोआप छायाचित्र काढणाऱ्या कॅमेऱ्यासारख्या) पद्धती आहेत, हे मुलांना आधी सांगावे. तरीही न बोलता, न हलता बारा तास बसण्याची ही परीक्षा नेमबाजाने द्यावीच. नोंदणी लवकर करावी, प्रत्येक मचाणावर मंडळाचा एक वयस्क आणि एक तरुण सदस्य मिळावा अशी विनंती वनक्षेत्रपालांना करावी. मातकट रंगाचे कपडे, पाणी, वही, पेन्सिल, दुर्बीण बरोबर घ्यावी. अत्तर, विजेरीचा झोत आणि भ्रमणध्वनीचा आवाज टाळावा. निघण्यापूर्वी रेंजची हजेरी घ्यावी, सर्व रायफली मोजून कपाटात बंद कराव्यात आणि किल्ली जंगलात न येणाऱ्या पदाधिकाऱ्याकडे सोपवून तशी नोंद वहीत करावी. सकाळी उतरल्यावर झोपायला जाण्याआधी, मचाणाखालीच बसून, प्रत्येक प्राण्याची वेळ, संख्या, कोणत्या दिशेने आला आणि कोणत्या दिशेने गेला, हे स्वच्छ अक्षरात उतरवून त्याची एक प्रत वनरक्षकाच्या हाती द्यावी.